उखळातला हात

मंगळवार, ३ जून

विचारून टाकलं. सेर्वा म्हणत होती जरा दम धर, पण मला कुठं धरवतो.

तिची आई, म्हणजे माझी घरमालकीण मा कोनादू, अंगणात कसावाचे कंद सोलत होती. म्हटलं, सेर्वाशी लग्न करायचंय. तिनं सुरी थांबवलीसुद्धा नाही.

"तुमच्या उत्तरेत लापशी ढवळतात. फुफू कधी कांडलंस?"

नाही, म्हटलं. उकडलेले कंद कांडून असा मऊ गोळा आमच्याकडं कुणी करत नाही.

"खाताना तर चावत होतास. सगळे भाडेकरू हसले. अरे, फुफू गिळतात. चावते ती बकरी."

मग म्हणाली, रविवारी सेर्वाचा मामा जेवायला येतोय. तू कांड, दोन ठोक्यांमध्ये हातानं गोळा उलटायला मी बसते. त्यानं पोटभर खाल्लं तर पुढचं बोलू. माझ्या हाताला लागलं तर सेर्वाला विसर, आणि खोलीही रिकामी कर.

तिच्या उजव्या हाताचं एक बोट वाकडं आहे. मुसळाखाली सापडलं होतं म्हणे.

बुधवार, ४ जून

दिवसभर वेल्डिंग केलं. डोळ्यांपुढं ते बोट.

गुरुवार, ५ जून

याकुबू आमच्याच गावचा, इथं कुमासीत खानावळीत फुफू कांडतो. शिकव म्हटलं. तो उखळाशी बसला, मी मुसळ धरलं. त्याचा हात आत आला की माझं मुसळ वरच थांबायचं.

"गाढवा, थांबतोस कशाला?"

म्हटलं, लागेल तुला.

"थांबलास तर लागेल! मी तुझ्या ठोक्यावर हात घालतो. ठोका चुकला की माझी बोटं गेली. दया घरी ठेवून ये."

शनिवार, ७ जून

तळवे फुटलेत. पण आज याकुबू उलटता उलटता भाजीवालीशी गप्पा मारत होता. उखळाकडं बघतही नव्हता. जमलं!

रविवार, ८ जून

नीट लिहितो.

कसावा आणि कच्ची केळी उकडून तयार. मामा खुर्चीवर. मा कोनादूनं हात पाण्यात बुडवला आणि म्हणाली, "हाण."

ठोका, हात. ठोका, हात. मामा मुद्दाम विचारत होता — बाप काय करतो, भाऊ किती? ठोक्यावर उत्तरं दिली. मग कोंबडी रश्श्याच्या पातेल्याकडं गेली, आणि मा कोनादू मान वळवून तिला हाकलू लागली. हात उखळातच. वाकडं बोट मला स्वच्छ दिसलं, आणि माझं मुसळ वर.

दंड थांबायला बघत होता. थांबलो नाही.

मुसळ आदळलं तेव्हा खाली नुसतं फुफू होतं. तिनं कोंबडीवरची नजरसुद्धा काढली नव्हती.

मामानं वाडगं बोटानं पुसून परत मागितलं. "एक गुठळी नाही यात."

"गुठळ्या मी काढल्यात," मा कोनादू म्हणाली. "यानं नुसता आवाज केलाय."

मी तिसरा घास गिळला. न चावता. मामा बघत होता. हात धुताना म्हणाला, "गावाकडची मोठी माणसं बोलावून घे पोरा. आमचं दार वाजवायला, रीतसर मागणी घालायला."

तळव्यांची आग होतेय. होऊ दे.

सोमवार, ९ जून

सेर्वा आत्ताच सांगून गेली. ते बोट तिच्या बाबांनी मोडलं होतं — लग्नाआधी, याच उखळात. ठोका सोडून आईकडं बघत राहिले म्हणून. आई म्हणते, "हा पास झाला. तुझा बाप नापास होऊन नवरा झाला होता."