खिडकीखालचं ऊन

९ ऑक्टोबर

ती. आक्का यांना सा. न. वि. वि.

तुमची धाकटी बहीण बरी आहे. म्हणजे होती तिथेच आहे. ऑक्सिजनच्या मशिनची नळी सात मीटरची. पलंगापासून ओट्यापर्यंत पोचते, गॅलरीपर्यंत नाही. नळीला ताण बसायच्या एक पाऊल आधी ती आपोआप थांबते, खाली न बघता. दोन वर्षांत पायांनाच पाठ झालंय. परवा फोनवर तिने तुम्हाला सांगितलं ना, की मला मुळी बाहेर जावंसंच वाटत नाही? मी शेजारच्या खोलीत होतो. चाळीस वर्षं विजेच्या मोटारींचे आवाज ऐकून पोट भरलंय; खोटा सूर मला भिंतीपलीकडूनही कळतो.

म्हणून एक जुनी व्हॅन घेतलीय. टपावर सोलरची चार पॅनल, आत पलंग, पलंगाखाली बॅटरी नि इन्व्हर्टर. ऊन मिळालं तर मशिन दिवसभर चालेल आणि रात्रीपुरती बॅटरीही भरेल. तुम्हाला जिना उतरता येत नाही, तिला चढता येत नाही. तेव्हा गाडी तुमच्या खिडकीखाली लावायची, दार उघडायचं, आणि दोघींनी तीन वर्षांनी एकमेकींना डोळे भरून बघायचं. आठवडाभर मुक्काम. कुणापुढे प्लगसाठी हात पसरायचा नाही, असं तिला छातीठोक सांगून बसलोय.

तिथे ऊन किती वेळ असतं तेवढं कळवा. धाकटीवरच्या लोभातला चिमूटभर इकडेही असू द्यावा.

आपला,
वायरमन


१७ ऑक्टोबर

चि. वायरमन यांस अनेक आशीर्वाद.

सही वाचून हसले. तुमच्याच लग्नात वीज गेली तेव्हा नव्या कपड्यांनिशी शिडीवर चढलात, त्या दिवशी मी ठेवलेलं नाव. पुढे मोटार रिवाइंडिंगचं दुकान काढून मालक झालात, तरी मी काही बदलणार नाही.

उन्हाचं काय विचारता! सकाळी सातला माझ्या पलंगावर येतं ते तीनपर्यंत हलत नाही. पडदा ओढून वैताग येतो. खुबा मोडल्याला चौदा महिने झाले, तेव्हापासून ही खिडकी म्हणजेच माझं गाव. कोणाची स्कूटर दुसऱ्या किकला सुरू होते तेही सांगेन.

एक तिला कळू देऊ नका. तिचा चेहरा आठवायला गेले की फोटोतलाच आठवतो. आता कशी दिसते ते फोनवर विचारायचं तरी कसं? लवकर या. जपून चालवा.

तुमची,
आक्का


२ नोव्हेंबर

ती. आक्का यांना सा. न. वि. वि.

दहा दिवस फुकट गेले, आणि माझ्याच चिकटपणाने. ओळखीत स्वस्त इन्व्हर्टर मिळाला म्हणून घेतला. त्यावर मशिन लावलं तर दुखणाईतासारखं कण्हायला लागलं. दुकानात गिऱ्हाइकाला मीच सांगतो, की असल्या खडबडीत विजेवर मोटार जळते. मुकाट्याने चांगला आणला. आता मशिन घरच्यासारखं गुरगुरतं.

काल तिला गाडीत बसवून बघितलं. पलंगावर बसली, दोन पावलं चालली, वळली, परत बसली. मग म्हणाली, घरात सात मीटर होते, इथे दोनच की हो! हसत म्हणाली, पण मला हसू फुटेना. तुमचं नाव काढलं तेव्हा मात्र बॅग कुठली घ्यायची ते विचारलंन. अकरा तारखेला संध्याकाळी पोचतो.

आपला,
वायरमन


१२ नोव्हेंबर, सकाळी ९, तुमच्या खिडकीखालून

ती. आक्का,

तुमच्या शेजाऱ्यांच्या हाती चिठ्ठी पाठवतोय. खालून ओरडून सांगण्यासारखं नाही.

काल आलो तो अंधारात. तुम्हा दोघींना एकमेकींचे नुसते आवाज ऐकू आले. आज उजाडल्यावर बघतो तर खाली ऊनच नाही. समोर गोदामाची नवी भिंत आहे, तिची सावली सगळ्या गल्लीभर. ऊन येतं ते थेट तुमच्या मजल्यावर. बॅटरीत तासाभराचा दम उरलाय. इंजिन चालू ठेवावं तर धूर तिच्या छातीत जाणार. ऊन आहे गल्लीबाहेरच्या मैदानाच्या पार टोकाला, पण तिथून तुमची खिडकी दिसत नाही. दिवसभर तिथे थांबून अंधारात इथे यायचं, तर कुणी कुणाला बघायचं?

चूक माझी. जागा न बघता हिशेब मांडला. दहाला परत निघतो. ती अजून केस विंचरतेय. तिला सांगितलेलं नाही.

वायरमन


तोच दिवस, साडेनऊ

वायरमन,

चूक तुमची नाही, माझी. चौदा महिने खाली पाय ठेवला नाही. ऊन म्हटलं की मला माझ्या पलंगावरचंच दिसणार. खालच्याची आठवणही झाली नाही.

आता वर बघा. घरातले तिन्ही एक्स्टेन्शन बोर्ड एकमेकांत खुपसून खाली सोडलेत. जोड सुटू नयेत म्हणून वर पायमोजे बांधलेत. कुणी मागितलेलं नाही, मी देतेय, तेव्हा तुमची प्रतिज्ञा शाबूत. ओरडायचं असेल तर वर तोंड करून ओरडा, म्हणजे तुमचंही थोबाड दिसेल.

आक्का


पावणेदहा

ती. आक्का यांना सा. न.

असं वायरिंग माझ्या कारागिराने केलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी बसवला असता. तुमच्या पायमोज्यांवर मशिन चालू झालंय. आवाज स्वच्छ आहे. दर दहा मिनिटांनी खिडकीजवळचा जोड तापलाय का ते हात लावून सांगा, नाहीतर मला चैन पडणार नाही. दुपारी बाजारातून अखंड वायर आणतो. आठवडा ठरला होता, आठवडाच राहू.

पाठीमागे ती लिहिणार म्हणतेय.

आपला,
वायरमन

ता. क. आक्का, केस विंचरताना मी यांना चिठ्ठी लिहिताना बघितलं होतं. परत निघायचं ते ओळखून बॅग भरून ठेवली होती. आता दारातल्या पायरीवर येऊन बसलेय, नळी इथवर पुरते. इथून तुझी नुसती हनुवटी आणि चष्मा दिसतो. पुढे वाकू नकोस, पडशील. तशीच बस. मीच मान वर करते.