लोण्यासारखा फिरणारा स्क्रू

२ सप्टेंबर १९७३, रविवार
डायरी आजपासून पुन्हा सुरू. मधे खंड पडला त्याला सौ. नलिनी जबाबदार.

इथे कलकत्त्याच्या रायफल क्लबात नोटीस लागलीय. पुढच्या महिन्यात बराकपूरला पंचेचाळिशीपुढच्या मेंबरांची मॅच. बंदूक टेकूवर ठेवून मारायची. संघात चौघे. तिघे ठरलेले, सेक्रेटरी बागचींच्या मर्जीतले. चौथा मी किंवा दिगंबर. सात ऑक्टोबरला आमच्या दोघांची ट्रायल.

दिगंबर बँकेतला. मराठी आहे, पण सांगायला लाज वाटावी असा. बायकोने जुन्या सतरंजीची पिशवी शिवून दिली, तिच्यात हा वाळू भरतो आणि वर बंदूक टेकवतो. बंदुकीला काय झोपवायचंय?

अकरा वर्षं या क्लबात आहे. संघाच्या बोर्डावर एकदाही नाव नाही. डिसेंबरात बदली, नागपूर. म्हणजे ही शेवटची संधी. एकदा, फक्त एकदा त्या बोर्डावर माझं नाव पाहायचंय. हे कुणाला बोललेलो नाही, बोलणारही नाही.

९ सप्टेंबर, रविवार
काल एस्प्लनेडला उतरून चांदनी बाजारातून बंदूक टेकवायचा रेस्ट आणला. स्वस्तातला. बिडाचे तीन पाय, वर बंदुकीसाठी खाच, मधे उभा स्क्रू. स्क्रू फिरवला की खाच वर-खाली होते, असं दुकानदार म्हणाला. प्रत्यक्षात आधी फिरतच नाही, मग करकरतो, मग टुणकन उडी मारतो. देशी माल!

दिगंबरने पाहिला. म्हणाला, श्यामराव, हिला सांगून तुम्हालाही एक पिशवी शिवून देऊ का? अशांना उत्तर द्यायचं नसतं.

संकल्प: स्क्रू लोण्यासारखा फिरला पाहिजे.

१३ सप्टेंबर
ऑफिसात भंगार काढायचं चाललंय. त्यात साहेबाच्या काळातली कॉपी प्रेस निघाली. पत्राची नक्कल उमटवायचं लोखंडी यंत्र. वरच्या दांडीला एक झटका दिला की स्क्रू गरगर फिरत थेट खाली. काय स्मूथ! इतकी वर्षं त्या कोपऱ्यात पडून होती आणि ऑफिसातल्या एकाही बैलाच्या लक्षात आलं नाही. स्क्रू नटासकट घरी आणला.

१७ सप्टेंबर, सोमवार
स्क्रू रेस्टला बसवून घ्यायला सुट्टी घेऊन लेथवाल्याकडे गेलो तर दुकान बंद. विश्वकर्मा पूजा! लेथला झेंडूचे हार आणि मालक गच्चीवर पतंग उडवतोय. खालून ओरडलो. वरूनच म्हणाला, आज हत्याराला हात लावायचा नाही, उद्या या. हत्याराची पूजा म्हणून हत्यार बंद! या लोकांचं कसं व्हायचं?

२१ सप्टेंबर
स्क्रू बसला. पहिल्यापेक्षा शंभरपट बरा. तरी कुठेतरी किंचित धरतो. धरलेलं मला खपत नाही. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली.

२९ सप्टेंबर
आठवडाभर बाल्कनीत घासतोय. लाइट गेले तरी अंधारात घासतो. रॉकेलने धुतला, ग्रीस भरलं. ग्रीस नलिनीच्या टांगाईल साडीलाही लागलं. साडी वाळत घालायची जागा नव्हे ती. तिने दोन दिवस अबोला धरला. कामात फार उपयोग झाला.

४ ऑक्टोबर
झाला! करंगळीने फिरतो. फुंकर मारली तर फिरेल. नलिनी म्हणाली, अहो, उद्या क्लबात नेऊन एकदा बघा तरी. म्हटलं, उद्या खंडेनवमी. शस्त्र एकदा पूजेला मांडलं की दसरा होईपर्यंत हलवायचं नाही. कलकत्त्यात राहून तू आपल्या रीती विसरलीस, मी नाही विसरलो.

५ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाटावर विळी, कात्री, माझं पेन आणि मधोमध रेस्ट. हार, हळद-कुंकू. खाचेत नारळ ठेवला. फार शोभला.

आरती संपल्यावर नलिनी म्हणाली, नारळ खाली आलाय. म्हटलं, घंटा वाजवताना तू पाट हलवलास. खाच पुन्हा वर केली. नैवेद्याच्या वेळी परत तेच. म्हणते, हा आपोआप उतरतो हो. पूजेत डोळे मिटायचे असतात, हे हिला कोण सांगणार!

७ ऑक्टोबर, रविवार
ट्रायल.

पहिली गोळी थेट दहावर. मागे वळून दिगंबरकडे पाहिलं. तो पिशवीला गाल लावून पडला होता.

दुसरी नऊवर. तिसरी आठवर. प्रत्येक वेळी खाच नीट लावली, श्वास धरला, आणि गोळी एक घर खाली. बागची दुर्बिणीतून बघत होते. त्यांनी विचारलं, दादा, हे मुद्दाम चाललंय का? शेवटच्या दोन गोळ्या खालच्या मातीत गेल्या.

दिगंबर संघात. वाळू घेऊन.

बागची म्हणाले, गोळ्यांची इतकी सरळ रेषा त्यांनी आजवर पाहिली नव्हती. मग दसऱ्याचं शुभो बिजोया म्हणून मिठी मारली आणि मिठाईतला एक संदेश दिला. खाल्ला.

दोष माझा नाही. काडतुसं ओली होती. शिवाय या शहराखाली जमीनच नाही, नुसता चिखल. तिकडे सॉल्ट लेकला दलदलीत गाळ भरून घरं बांधतायत. इथे नेम खचणार नाही तर काय होणार?

९ ऑक्टोबर
रेस्ट टेबलावर ठेवला. खाचेत इस्त्री ठेवली आणि समोर पेपर वाचत बसलो. अग्रलेख संपेपर्यंत इस्त्री तळाला.

टेबल तिरकं असणार.

१३ ऑक्टोबर, शनिवार
संध्याकाळी बागची स्वतः घरी आले. दिगंबरने बिजोयाच्या मिठाया हाणल्या, पोट बिघडलं, अंथरुणावर आहे. म्हणाले, उद्या सकाळी बराकपूरला तुम्ही चला. दिगंबरने तुमच्यासाठी पिशवी पाठवलीय.

म्हटलं, मी माझ्या रेस्टवरच मारीन. ते हात जोडून म्हणाले, दादा, रेस्ट नको. म्हटलं, मग दुसरा माणूस बघा. चहा अर्धा टाकून गेले.

नलिनी दारातच उभी राहिली. म्हणाली, अहो, अकरा वर्षं वाट बघितलीत ना? हिला कुणी सांगितलं? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. मी सतरंजीवर नेम धरणार नाही. बरोबरच केलं. शंभर टक्के बरोबर.

१४ ऑक्टोबर, रविवार
झोप नाही. सकाळी सियालदा स्टेशनवर जाऊन आलो. सहज. बराकपूरची गाडी सुटून गेली होती. ट्रामने गेलो म्हणून चुकली. टॅक्सी केली असती तर मिळाली असती, पण सहज जाणारा माणूस टॅक्सी करत नाही.

बाकावर बराच वेळ बसलो. फार वाईट वाटलं.

नलिनीला सांगितलं, भाजी बघायला गेलो होतो. अंगात नेमबाजीचं जाकीट होतं. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, काढून द्या ते, नागपूरच्या ट्रंकेत भरते.