वर्ग बाहेर, मूल आत

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वर्गात काही बिनसलं की मी आधी तुमच्याकडेच वळते. घाटकोपरच्या शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून लागले होते, तेव्हाचा एक दिवस आठवतो. चौथीतला एक मुलगा डबे फेकतोय आणि मी त्याचं मनगट धरून त्याला दाराकडे ओढतेय. शेजारच्या वर्गातून तुम्ही येता. "सोड गं त्याला," एवढंच म्हणता. मग मुलांकडे वळून, जेवायला बोलवावं तशा आवाजात, "चला, पाणी प्यायला." अख्खा वर्ग बाहेर जातो, तो एकटा आत उरतो. बघायलाच कोणी नाही म्हटल्यावर थोड्या वेळाने आपसूक खाली बसतो. नंतर स्टाफरूममध्ये चहा ओतताना तुम्ही मला झापलंत. "ताकद दाखवायला आलीस का इथे? चिडलेल्या पोराला ओढायचं नसतं. वर्ग बाहेर, मूल आत. आणि आपण सगळ्यांत शेवटी निघायचं. समजलं?" तेव्हा मला रडू आलं होतं. आता येत नाही.

आता मी साकीनाक्याच्या शाळेत आहे. माझ्या सहावीत एक मुलगी आहे. आई घर सोडून गेली, वडील दिवसभर वर्कशॉपमध्ये, आणि ही कशानेही भडकते. गेल्या आठवड्यात तिने कंपासपेटी भिरकावली, मग बाक उलटा केला. मी म्हटलं, "चला, पाणी प्यायला." मुलं उठली, त्यांना सवय आहे. पण मी शेवटी थांबले नाही, बाई. पहिल्या मुलांबरोबर मीच दाराबाहेर पडले. तिच्या शेजारी बसणारी मुलगी घाबरून जागची हललीच नाही. हिने फेकलेली स्टीलची बाटली तिच्या भुवईवर बसली, टाके पडले. मी जखमेवर रुमाल दाबला, रिक्षा थांबवली, डॉक्टरांशी बोलले. सगळं नीट केलं, पण जणू दुसरंच कोणी करत होतं.

आज मुख्याध्यापकांच्या खोलीत पालक दाटीवाटीने उभे होते. "त्या पोरीला दुसऱ्या शाळेत पाठवा, नाहीतर आमची मुलं आम्ही काढतो." त्यांचं तरी काय चुकलं? तिचे वडील कामाच्या कपड्यांतच दारापाशी उभे होते, मान खाली घालून. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही नेहमीसारखा वर्ग बाहेर काढला होतात ना?" नुसतं हो म्हटलं असतं तर तिची रवानगी झाली असती. मी म्हटलं, "काढला. पण मी शेवटी थांबले नाही. घाबरले. जिला लागलं, तिला आत सोडून मी बाहेर पडले." मग जखमी मुलीची आई म्हणाली, "ते झालं हो. यापुढे मागे कोण थांबणार ते सांगा ना."

"मी," मी म्हटलं.

ती भडकणारी पोर माझ्याच वर्गात राहतेय. बाटल्या आणि कंपास आता माझ्या टेबलाखाली ठेवायचे, आणि शाळेत येणाऱ्या समुपदेशक ताई तिला दर आठवड्याला भेटणार, असं ठरलं. निघताना तिच्या वडिलांनी मला हात जोडले. तुम्ही असतात तर तुम्हाला बरं वाटलं असतं. मला काहीच वाटलं नाही. घरी आले, पोळ्या लाटल्या, जेवले, हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी हे तुम्हाला पाठवायचं धाडस मला झालं नसतं. कारण उद्या त्या पोरीला साधा ताप यावा आणि तिने शाळेत येऊ नये, एवढंच माझ्या मनात आहे.