अण्णांची डावी कूस

१२ जानेवारी, सोमवार
अण्णांच्या माकडहाडावर लाल डाग. बोटानं दाबून पाहिला, पांढरा होत नाही. नगरच्या दवाखान्यातून घरी आणताना सिस्टरनी हेच बजावलं होतं, दाबून रंग बदलला नाही तर आतून सुरुवात झाली समजा. आता पाठीवर झोपवायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, एकदा उजवी, एकदा डावी, पाठीमागे उशी. शुगर आहे, एकदा कातडी फुटली की भरायचं नाव नाही.
झटक्यानं उजवं अंग गेलं ते गेलं. जखम मात्र मी होऊ देणार नाही.

१३ जानेवारी
हवेची गादी आणली, भाड्यानं. दु. अंघोळ करून येते तर गादीवर दुहेरी गोधडी, त्यावर रेक्झिन! आई म्हणे, "गार लागतंय त्यांना." खाली गादीत हवा भरणारी मोटार घुरघुरतेय आणि अण्णा वर गोधडीवर. मग गादी कशाला आणली? काढली. चहा ठेवून येईपर्यंत पुन्हा घातलेली.
वर आणखी एक. जुन्या लुगड्याची चुंबळ वळून डागाखाली ठेवलेली, डाग अधांतरी राहावा म्हणून. डोकं फिरलं माझं. "चुंबळीवर हंडा बसतो आई, माणूस नाही! कडेनं दाबलं की मधलं रक्तच अडतं." तिनं चुंबळ ओढून काढली. मग पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा उचलून ठेवल्या, तेव्हा म्हणाली, "हे बरं हाय."
एवढंच पटलं.

१५ जानेवारी
संक्रांत झाली, आता तिळगूळवाले. अण्णांच्या हाताखालून निम्मं शिंगणापूर गेलंय. मास्तरांच्या पाया पडायला सगळे येणार, रथसप्तमीपर्यंत. गावच्या रीतीनं चौकटीला दार नाही, कुणी हाक मारून थांबायचा प्रश्नच नाही, एकदम खाटेपाशी.
आणि अण्णा! खाट भिंतीला. उजव्या कुशीवर तोंड दाराकडे येतं, डाव्या कुशीवर भिंतीकडे. म्हणून डावी नको. "आलेल्या माणसाला पाठ दाखवू? जमायचं नाही." कुणी आलं की, "सरळ कर मला." सरळ, म्हणजे पाठीवर. मग आई डोक्याखाली उशा रचून अर्धवट बसवते, ते खाली घसरत राहतात, कातडी घासते. पाहुणा जाता जाता मला सांगतो, "मास्तरांची काळजी घ्या हां."
घेतेच आहे. तुम्ही उठा म्हणजे झालं.

१७ जानेवारी, शनिवार
व्हायचं तेच झालं. उजव्या खुब्याच्या हाडावरही लाल डाग. सारखी उजवी, पाठ, उजवी. दुसरं काय होणार?
मी ओरडले. अण्णांवर. त्यांनी डोळे मिटून घेतले. वाईट वाटलं, पण राग जाईना.
मग सुचलं, खाटच फिरवू. पाय आहेत तिथे डोकं, की डावी कूस दाराकडे. दोन मिनिटांचं काम. आडवी घालावी तर खोली अरुंद, जायला वाट उरत नाही. हेच बरं. आई आडवी आली. "दक्षिणेकडं पाय? ते मेलेल्या माणसाचं करत्यात, संगे." समजावलं, भांडले, रडलेसुद्धा. ती ढिम्म.
आणि अण्णा, ज्यांनी पोरांना आयुष्यभर विज्ञान शिकवलं, ते एक शब्द बोलले नाहीत. सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

१९ जानेवारी
सकाळी अण्णाच म्हणाले, "डावीकडं कर. कुणी आलं तर सांग, मास्तर झोपलेत." पाठ दाखवण्यापेक्षा झोपेचं सोंग बरं! असू दे. पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी. शाळेतल्या बाई आल्या, भजनातले बुवा आले, तिळगूळ माझ्या हातावर ठेवून कुजबुजत गेले.
सं. डाग पाहिला. किंचित फिका. खरंच फिका. आईलाही दाखवला. आज दोघी पोटभर जेवलो.

२० जानेवारी
दु. चारला पलीकडच्या आळीतले बाळूभाऊ आणि त्यांचे मेहुणे. अण्णा डाव्या कुशीवर, सोंग चालू. मी आत चहा टाकत होते.
"मास्तरांचं काय खरं न्हाई आता. भिंतीकडं तोंड केलंय बघा."
"सुटले तर बरं म्हनायचं. पोरीचे लई हाल."
कप तसेच ठेवून बाहेर आले. दोघं उठलेच, "चहा नको ताई, झोपू द्या."
ते गेल्यावर अण्णा बोलले. जीभ जड, पण स्पष्ट. "खाट फिरव."
आई धावत आली. "अहो, दक्षिणेकडं पाय..."
"त्यांनी पोचवलंच ना मला. आता पायांचं काय घेऊन बसलीस?"
आई खाटेच्या पायथ्याशी चढून बसली, त्यांचे दोन्ही पाय उराशी धरून. "माझ्या जिवात जीव हाय तोवर न्हाई."
मला आनंद व्हायला हवा होता. इतके दिवस हेच तर मागत होते. पण ज्या कारणानं ते हो म्हणाले, ते कारण... नको होतं मला हे असलं हो.
तिच्याशी बोलायला म्हणून अण्णा वळायला गेले आणि उताणे झाले. हात लावला तर म्हणतात, "आधी खाट." आई म्हणते, "आधी कूस." पाय सोडत नाही. मी उशाशी उभी, खाटेचा कठडा धरून. एकीला उचलता येत नाही, दुसऱ्यांना वळवता येत नाही. शेवटी खाली बसून हे लिहितेय.
दोघंही हटत नाहीत. आणि अण्णा अजून पाठीवरच आहेत.