सवारोला घातलेलं पाणी

गुरुजी, तुम्ही गेल्याचं मला इकडे अमेरिकेत दोन महिन्यांनी कळलं, आणि तेव्हा मला रडू आलं नव्हतं. आज तीस वर्षांनी लिहायला बसलोय. सातवीत मराठी तुम्ही शिकवायचात, शाळेमागची बागही तुमचीच, तिथे प्रत्येकाला एकेक वाफा. डोळे मिटून, टेबलावर बोटांनी ठेका धरून तुम्ही कविता म्हणायचात आणि माझ्या अंगावर काटा यायचा. त्याच नादात दिवाळीच्या सुट्टीत माझं पपईचं रोप वाळलं. झारी घेऊन मी विहिरीशी जायचो, ओळी पुटपुटत उभा राहायचो आणि तसाच घरी परतायचो. शाळा उघडली त्या दिवशी तुम्ही ते रोप मुळासकट उपटून वर्गात आणलंत. "या, कवीमहाराज! हे बघा तुमचं काव्य." पोरं खो खो हसली. तुम्ही मात्र न हसता म्हणालात, "तुझ्या हातून काही जगायचं नाही." वर्षभर कोणी मला आपल्या वाफ्याजवळ फिरकू दिलं नाही. कवितेचं वेड लावलंत तुम्ही, शिक्षाही तुम्हीच दिलीत.

प्लेनो शहरातली नोकरी संपवून २००२ साली आम्ही दोघं नवराबायको ॲरिझोनात, टूसॉनला आलो. घर घेतलं ते मागच्या अंगणातल्या सवारोसाठी. सवारो म्हणजे खांबासारखा निवडुंग, दोन मजले उंच, दोन्ही हात वर केलेला, आणि वरच्या अंगाला सुतारपक्ष्यानं पाडलेलं भोक. बाकी सगळी खडी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारून विचारून मी तिथे इथलीच झाडं लावली. हमिंगबर्डसाठी लाल नळीसारख्या फुलांची झुडपं, सावलीला मेस्कीटचं काटेरी झाड, त्याखाली पाण्याची उथळ थाळी. तिसऱ्या वर्षी सकाळी सातला डोक्यावर तुरा मिरवणारे लावे पिल्लांची रांग घेऊन येऊ लागले. ही चहा गाळता गाळता खिडकीतून म्हणायची, "चला, भरली शाळा!" ससे यायचे, सरडे यायचे. मी चहा घेत मनातल्या मनात तुम्हाला त्या खिडकीशी उभं करायचो. बघा गुरुजी, जगतंय की नाही.

पुढच्या उन्हाळ्यात इथला उन्हाळी पाऊस आलाच नाही. सवारो आक्रसला, त्याच्या उभ्या घड्या अशा मिटल्या की माणसाच्या बरगड्या दिसाव्यात. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काही करू नका. तो पोटातलं पाणी पितोय. त्याला त्याचं कळतं." हीसुद्धा म्हणाली, "अहो, ऐका त्यांचं. हात लावू नका." पण मला दिसत होतं ते पपईचं रोप. ही पूजेला बसली की मी होज, बागेची रबरी नळी, ओढायचो आणि बुंध्याशी सोडून ठेवायचो. रोज, दोन महिने. तो फुगला, हिरवागार झाला. मी खूश! त्या आनंदात एक जुनी कवितासुद्धा अख्खी आठवली.

पुढच्या वर्षीचा मे महिना. बुंध्यातून काळं पाणी गळतंय, कुजका वास येतोय, आणि वर भोकात पिल्लं ओरडतायत. एका दुपारी धप्प आवाज झाला. आम्ही धावलो. आडव्या पडलेल्या खोडाखालून चिरका आवाज येत होता, आमच्यानं ते हलेना. बाई कुदळ घेऊन येईपर्यंत आवाज थांबला होता. सुतारपक्ष्यांची जोडी चोचीत किडे धरून कुंपणावर बसलेली. बाईंनी खोडाकडे पाहिलं, म्हणाल्या, "मागच्या हिवाळ्यातली थंडी बाधली." मी म्हणालो, "येस, द फ्रॉस्ट." रात्री नातीचा फोन आला, पिल्लांचं मी तिला सांगितलं होतं. "आजोबा, डिड द बेबीज फ्लाय?" "हो गं," मी म्हणालो, "उडाली सगळी."

त्याला दोन वर्षं झाली. खोडाचा नुसता सांगाडा उरलाय. लावे येतात, पण ही आता शाळा भरली म्हणत नाही. पाहुण्यांना सांगते, "थंडीनं गेला हो, ह्यांनी किती जीव लावला होता." मी मान हलवतो. गुरुजी, तुम्ही ते वाक्य बोलला नसतात तर मी होज उचलला नसता, असं मी खूपदा घोकलं. पण बाईंनी नको म्हटलं होतं, हिनं नको म्हटलं होतं, आणि नळ मी सोडला होता. हे पत्र वहीतच राहील. होज उन्हानं तडकला म्हणून फेकून दिला, असं मी हिला सांगितलंय. तो तडकला नव्हता.