तुझा रकाना

अकोट, ऑक्टोबर २००७

प्रिय नीलम,

सुंदराबाई जिंकली. आधी हेच सांगते, मग बाकीचं.

सुंदराबाई म्हणजे दर आठवडी बाजाराला माझ्या ओट्यावर टोपली टेकवून चहा पिणारी. कपाशीची पऱ्हाटी तिची स्वतःची. यंदा पानांमागे माव्याची कीड चढली, तसा तिच्या दिराने फवारणीचा पंप भरून ठेवला. पण त्याच पानांवर मावा खाणारे लाल पाठीचे ढालकिडेही होते. फवारलं की तेही मरणार. मला म्हणाली, "बाई, तुमी गणिताच्या मास्तरीण. हे लाल किडे त्या माव्याले पुरतीन का नाही, एवढं सांगा."

मला एकदम अमरावती आठवली. बडबड थांबावी म्हणून सिस्टरांनी आपल्याला कॉन्व्हेंटात एका बाकावर बसवलं, तिथून एम.एस्सी.पर्यंत ना बाक सुटला ना बडबड. मावा वाढला की ढालकिडे वाढतात, ढालकिडे वाढले की मावा घटतो. एकाचा वेग दुसऱ्यावाचून निघत नाही. अशी जोडसमीकरणं आपण रुंगे-कुट्टाच्या रीतीने पावलापावलाने सोडवायचो. एक रकाना तुझा, एक माझा, मध्ये ते हाताने फिरवायचं यंत्र. पावलागणिक चार उतार, म्हणजे वाढीचे वेग, काढायचे, आणि दर वेळी तू तुझा आकडा वाचल्याशिवाय मला पुढचा काढता यायचा नाही. तू मुद्दाम चिंच चघळत बसायचीस.

या वेळी दोन्ही रकाने मीच भरले, आणि चुकले. सुंदराबाई किडे मोजायची बाजाराच्या आदल्या दिवशी, म्हणून मीही गणिताचं पाऊल बाजार ते बाजार धरलं. उत्तर आलं उणे मावा. तिला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे आता आमीच मावा उसना आणून पानावर ठेवाव का?" आम्ही दोघी हसत बसलो, आणि हसताहसता मला तुझा आवाज ऐकू आला. चिडलीस की कॉन्व्हेंट विसरून म्हणायचीस, "उडी कावून मारून राहिली वं? पाऊल टाक." मग पाऊल एका दिवसाचं केलं, नंतर अर्ध्या दिवसाचं. उत्तर हललं नाही. मावा आणखी चार दिवस चढेल, मग ढालकिडे त्याला गाठतील.

गणितावर विश्वास बसला, पण किड्यांवर कसा बसणार? पेपरच्या पहिल्या पानावर आपल्याकडच्या गावांची नावं हल्ली कशासाठी येतात, ते तुला माहीत आहे. माझा आकडा चुकला असता तर पीक तिचं गेलं असतं. सगळं शिवार फवारत होतं. दीर बांधावरून विचारायचा, "मास्तरीणबाईचे किडे जेवाले केव्हा बसून राहिले?" मावा आकड्याबरहुकूम चढत होता आणि ती पंपाला हात लावत नव्हती.

पाचव्या दिवशी, बाजार नसताना, ती एस्टीने आली. पदरात पानं होती. तिने एकेक पान उलटं करून माझ्या टेबलावर मांडलं. मावा विरळ झाला होता, आणि ढालकिडे माझ्या टेबलावरही खात सुटले होते. मी त्या पानांकडे बघत बसले, नीलम, निकालाच्या यादीत आपली नावं खालीवर लागली होती तेव्हा बघत होते तशी.

आता दीरही ओट्यावर येतो. त्याला तुडतुड्यांचं विचारायचंय. म्हणजे तिसरं समीकरण आलं, आणि इथेच मी अडले आहे. धर्मपालभाऊ गेले आणि घरात तू एकटी उरलीस, तेव्हापासून तू फोनवर एकच म्हणतेस, आता डोकं चालत नाही, आकडे दिसतच नाहीत. फोनवर सांगून तुला पटलं नसतं. म्हणून हे पत्र. सोबतच्या कागदावर पहिल्या पावलाचा माझा पहिला उतार काढला आहे. शेजारचा रकाना रिकामा ठेवलाय. हवं तर चिंच चघळ, पण तुझा आकडा पाठव. तो आल्याशिवाय मला दुसरा काढता येत नाही.

तिथेच थांबलेली, तुझीच
गुलनार