मध्ये कोणी नको

मी, मोतीराम याकोब त्रिभुवन, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा अर्जनवीस, राहणार पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर (आधारकार्डावर अजून औरंगाबादच आहे, ते बदलायला मी रांगेत उभा राहणार नाही), आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाखाली न येता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. दाब टाकायला बरेच जण येऊन गेले. सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मसुदा माझा स्वतःचा. चाळीस वर्षं कलेक्टर कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहिले. वकील रत्नमालाबाईंनी फक्त वाचला आणि चार जागी लाल पेन्सिल मारली. त्यांतल्या तीन खुणा मी पुसल्या.

१. टाइपरायटर, टेबल आणि छत्री शेजारच्या टेबलावरच्या कारभारीला. वीस वर्षं शेजारी बसून त्याने माझी गिऱ्हाइकं पळवली, पण मी आजारी पडलो की तेवढीच माझ्या घरी पाठवलीही. त्याला साक्षीदार करणार होतो, पण ज्याला मिळतं त्याने साक्ष घालायची नसते. त्याला हे ठाऊक नव्हतं. असा अर्जनवीस!

२. बँकेत जे असेल त्यातून माझं दफन करावं. उरेल ते मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, संडेस्कूलला द्यावं, कमिटीच्या हातात देऊ नये. २००७ साली माझा एकुलता एक मुलगा राजकुमार याने कॅथलिक मुलीशी त्यांच्या चर्चमध्ये लग्न केलं. कमिटीने मला बोलावून सांगितलं, पोराला आवरा, नाहीतर वडीलमंडळातली जागा सोडा. मी जागा धरली आणि पोराला सोडलं. पुढच्याच निवडणुकीत त्यांनी मला पाडलं.

३. पदमपुऱ्यातलं दोन खोल्यांचं घर राजकुमार आणि सून मेघा यांना समाईक. अट अशी की, घरात मरियेची मूर्ती, तसबीर किंवा जपमाळ राहणार नाही. राहिल्यास घर मंडळीकडे जाईल. रत्नमालाबाईंनी इथे विचारलं, "तपासणार कोण?" मी लिहिलं, कारभारी तपासेल.

४. ही अट मी का घातली, ते लिहितो. मी प्रॉटेस्टंट बापाचा प्रॉटेस्टंट मुलगा. देव आणि माणूस यांच्या मध्ये ख्रिस्त एकटा. तिथे दुसऱ्या कोणाला खुर्ची टाकायची नाही, आईलाही नाही, असं मी मानतो. कृपा वरून थेट येते. ती वाटायला मधे बाई बसवण्याची गरज काय? गेल्या नोव्हेंबरात रोमहूनच पत्रक निघालं की मरियेला सहतारक, म्हणजे ख्रिस्ताच्या जोडीने तारणारी, म्हणणं उचित नाही, आणि कृपेची मध्यस्थ म्हणतानाही जपून. मी पेपरातलं कात्रण मेघासमोर ठेवलं. म्हणालो, बघ, तुमच्याच लोकांनी कबूल केलं. खरं तर मला त्या पत्रकाचाही संशय आहे. इतक्या वर्षांनी एकदम माघार घेतात म्हणजे काहीतरी डाव असणार.

मेघा दर मंगळवारी आणि शुक्रवारी करमाडच्या त्यांच्या घरून डबा घेऊन येते. कशासाठी येते याचा मी दोन वर्षं विचार करतोय. घरासाठी? की मला बाटवायला? तिने कात्रण वाचलं आणि डबा उघडत म्हणाली, "पप्पा, आम्ही कुठं तिला तारणारी म्हणतो? आई म्हणतो. कचेरीत साहेब तर आत बसलेलाच असायचा ना? मग लोक तुमच्याकडं कामून यायचे?"

"त्यांना लिहिता यायचं नाही म्हणून."

"आम्हाला तरी कुठं लई येतंय," ती म्हणाली आणि भाजी वाढली.

मी जेवून घेतलं. उत्तर आता सुचलंय: मी अर्जावर सही साहेबाची आणत होतो, माझी करत नव्हतो. हे तिला वाचून दाखवावं.

५. माझी पत्नी सारजाबाई हिच्या शेजारी मला पुरावं. दोन वर्षांपूर्वी तिची पेटी बंद होताना मेघाचा हात आत गेलेला मी पाहिला. जपमाळच ठेवली असणार, अशी माझी खात्री होती. गेल्या शुक्रवारी रागाच्या भरात विचारलं. ती म्हणाली, "चष्मा व्हता, पप्पा. आईंना त्याच्याबिगर काय दिसायचं नाय." आता तपासायला मार्ग नाही. पण घरात सारजाचा चष्मा शोधला, तो कुठेच सापडला नाही.

६. राजकुमारबद्दल. लग्नाच्या दिवशी मी टेबलावर बसून लोकांचे अर्ज टाइप करत होतो. त्या दिवसापासून एकोणीस वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. "त्याला सांग, पप्पांची तब्येत बरी आहे." "त्याला विचार, शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी टिकली का." सगळं सारजाच्या तोंडून. ती गेली तेव्हा मातीला तो समोर उभा होता, तरी मी मेघाला म्हणालो, "त्याला म्हणावं, जेवून जा." मध्यस्थ नको म्हणून आयुष्यभर भांडलो, आणि पोटच्या पोराशी बोलायला मला आधी बायको लागली, मग सून. हे कळायला मला मृत्युपत्र लिहावं लागलं, याची लाज वाटते. मला पोरगा पाहिजे. हेही मी वकिलांमार्फतच सांगायला निघालो होतो.

७. हे कलम सही करण्याआधी हाताने वाढवलं आहे. कलम ३ मधली अट रद्द. रत्नमालाबाईंची चौथी खूण तिथेच होती. देऊन वर अट घालायची तर ती मजुरी झाली. कृपेला अट नसते, हे मीच संडेस्कूलच्या पोरांकडून घोकवून घेतलं होतं. मरियेबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, कोणी गैरसमज करून घेऊ नये.

अट खोडल्यावर राजकुमारला फोन लावला. माझा आवाज ऐकला आणि तो घाईने म्हणाला, "थांबा, मेघाला देतो."

मी म्हणालो, "मेघाला देऊ नको. मला तुझ्याशीच बोलायचंय."

मग तो म्हणाला, "पप्पा, मी येऊ का?"

स्वतःच्या घरी यायला त्याला विचारावं लागलं, हे पाप माझं. मी म्हणालो, "ये."

तो करमाडहून निघालाय. डॉक्टर आणि शेजारचा कडुबा साक्षीला समोर बसलेत. तो पोचायच्या आत सही करून टाकतो. नंतर केली तर लोक म्हणतील, पोराने बसून करवून घेतली.

लिहून ठेवणार : मोतीराम याकोब त्रिभुवन (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली :
१. डॉ. प्रांजली शिरसाठ (सही). लिहून ठेवणार शुद्धीत आहेत. डोळ्यांत पाणी आहे, ते आजाराचं नाही.
२. कडुबा भीमराव पगारे, शेजारी (सही)

ठिकाण : पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर
तारीख : १४ मार्च २०२६, दुपारी साडेतीन